सहाने भागायचे, ते का?

सहाने भागा, एवढे आर्यभटाने सांगितले. का भागायचे, ते सांगितले नाही. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त, गणितपादात, त्रिकोणी राशीचे सूत्र आहे. सर्वांत वर एक गोळा, त्याखाली तीन, मग सहा, मग दहा. थरांची संख्या, तिच्या पुढची आणि त्याही पुढची अशा तिघींचा गुणाकार करायचा आणि सहाने भागायचे. थर पाच असतील तर ५ × ६ × ७ म्हणजे २१०. सहाने भागले की ३५ गोळे. आर्यभट दुसरी वाटही देतो: थरांत एक मिळवा, घन करा, त्यातून ती मिळवलेली संख्या वजा करा. २१६ उणे ६, पुन्हा २१०, आणि पुन्हा तोच सहा. या राशीचे त्याने दिलेले नाव चितिघन.

त्याच्यानंतर थोड्याच काळात हे आकडे अगदी वेगळ्या दुकानात सापडतात. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांवर एक अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार घेऊन किती मिश्रणे होतील, हा तिथला प्रश्न. उत्तर १८२०. ते काढायची रीत हिशेबनिसाला शोभेल अशी आहे. एका स्तंभात १ ते १६ लिहा. शेजारी त्यांच्या चढत्या बेरजा मांडा, पण शेवटची सोडा: १, ३, ६, १० असे करत १२०. त्यांच्या बेरजांचा तिसरा स्तंभ ५६० वर थांबतो आणि चौथा १८२० वर. गुणाकार नाही, भागाकार नाही, नुसती बेरीज. तिसऱ्या स्तंभाचे पहिले आकडे पाहा: १, ४, १०, २०, ३५. आर्यभटाच्या राशीच ओळीने उभ्या आहेत. इथे मात्र गोळा एकही नाही. आहे ती निवड.

म्हणजे एकच सूत्र दोन धंदे करत होते. दोघांचे नाते उघड बोलून दाखवायची घाई मात्र कुणाला दिसत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त निवडीचा नियम मिश्रव्यवहारात येतो, सहा रसांची ६३ मिश्रणेही तिथेच, बेरजांच्या बेरजेचा नियम मात्र पुढे श्रेढीव्यवहारात. (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. १२०७ चा तो शिलालेख वाचताना मला नेहमी वाटते, तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली असतील का?)

मग १३५६ मध्ये नारायण पंडिताची ‘गणितकौमुदी’ आली. बेरीज, तिची बेरीज, पुन्हा तिची बेरीज, अशी कितीही वेळा करायची तर एकच सूत्र पुरते, हे त्याने मांडले. त्याला तो वारसंकलित म्हणतो. दोनदा बेरीज केली तर भाजक सहा, तीनदा केली तर चोवीस. उदाहरणाला त्याने गाय घेतली. गाय दरवर्षी एक कालवड देते. कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक देऊ लागते. वीस वर्षांनी गोठ्यात किती?

पहिल्या पिढीत वीस. त्यातली सर्वांत थोरली चौथ्या वर्षापासून सतरा वेळा विते, तिच्या पाठची सोळा वेळा, म्हणून दुसऱ्या पिढीत १७ पर्यंतची बेरीज: १५३. तिसरीत १४ थरांची रास: ५६०. पुढे १००१, ७९२, २१० आणि ८. मूळ गाय धरून २७४५.

हे ५६० आपण आत्ताच अत्तराच्या स्तंभात पाहिले. योगायोग नाही. तिसऱ्या पिढीतली कालवड ओळखायला तीन साले पुरतात: आजीच्या जन्माचे, आईच्या जन्माचे आणि तिच्या स्वतःच्या. लागोपाठच्या दोन सालांत किमान तीनचे अंतर हवे. ती सक्तीची मधली वर्षे, आजी-आईमधली दोन आणि आई-लेकीमधली दोन, वीसातून काढून टाका. उरली सोळा, त्यांतून कोणतीही तीन निवडा. नारायण या वाटेने गेला नाही, तो राशींनीच मोजत गेला. मला मात्र निवडीची वाट जास्त आवडते, कारण तिच्यात प्रत्येक कालवडीला स्वतःचा पत्ता मिळतो.

सहाचे उत्तरही तसेच दुहेरी आहे. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्यभटीयावरच्या भाष्यात ते रचून दाखवले: घनाकार ठोकळ्यांच्या अशा सहा राशी एकमेकींत बसवल्या की एक भरीव पेटी होते, एक बाजू थरांएवढी, दुसरी एकाने जास्त, तिसरी दोनाने. निवडीकडून पाहिले तर कुठल्याही तीन वस्तू सहा क्रमांनी मांडता येतात आणि क्रम नको असेल तर तेवढ्याने भागावे लागते. दोन्ही कारणांनी उत्तर पूर्णांकच येणार, अपूर्णांक उरायला जागाच नाही.

आणि हे एकट्या या सूत्राचे नाही. प्रत्येक पूर्णांकाला पूर्णांकच देणारी कोणतीही बहुपदी वराहमिहिराच्या या स्तंभांच्या, आणि सोबत एका साध्या स्थिर संख्येच्या, पूर्णांक पटींची बेरीज असते. साधा वर्ग घ्या: पाचाचा वर्ग पंचवीस, म्हणजे पाचातून दोन निवडण्याच्या दहा तऱ्हांची दुप्पट आणि वर पाच. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या पूर्णांकांच्या ओळींच्या कोशात एकेका सूत्राखाली असे अर्थ लांबच्या लांब नोंदलेले असतात. नारायणाच्या गाईही तिथे त्याच्याच नावाने आहेत, पण त्यांना बहुपदी नाही. एकेक पिढी बहुपदीत बसते: पहिली एकघाती, दुसरी द्विघाती. बाविसाव्या वर्षी मात्र आठवी पिढी जन्माला येते आणि बेरजेत आठव्या घाताचे नवे पद येऊन बसते; पुढे दर तीन वर्षांनी आणखी एक.