कावसजीचें नाक आणि चरबीचें कलम

टिपू सुलतानाशीं १७९२ सालीं संपलेल्या युद्धांत इंग्रजी फौजेचा एक मराठा बैलहांक्या, कावसजी, कैद झाला. कैदेंत त्याचा एक हात व नाक कापलें गेलें. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळील, विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्यास नवें नाक बसविलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकानें ऑक्टोबर १७९४ मध्यें ही हकीकत छापली. कारागिराचें नांव मात्र तींत नाहीं.

त्यानें मेणाचा साचा कपाळावर पसरून तेवढी कातडी सोडविली. परंतु दोन डोळ्यांमधील पट्टी अखंड ठेविली. त्या पट्टींतून रक्त पोंचे, म्हणून कातडी जगे. जखमेवर प्रथम कात, चार दिवसांनंतर तुपांत भिजविलेलीं फडकीं. आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती पट्टी तोडावयाची.

लंडनमध्यें जोसेफ कार्प्यू यानें १८१४ सालीं हीच रीत अनुसरली. पुढें १८९३ सालीं जर्मनींतील नॉयबर यानें दंडांतील चरबी चेहऱ्यावरील खोलगट व्रणांत भरली. येथें रक्ताचा पूल नव्हता. म्हणून तुकडे लहान हवेत, हें त्यास उमगलें. लहान तुकड्यास भोंवतालचें रक्त लवकर मिळतें. चरबींत मूलपेशी असल्याचें अमेरिकन संशोधकांनीं २००१ सालीं दाखविल्यावर चिवट जखमा व किरणोपचारानें करपलेली त्वचा यांवर हें कलम योजिलें जाऊं लागलें. सर्व जखमांस तें गुणकारी ठरतें, हें अद्याप सिद्ध नाहीं.

नियम मात्र एकच: जेथें रक्त पोंचेल, तेथेंच कलम जगेल. पुण्याजवळच्या त्या अनामिक हातास तो ठाऊक होता.