इनबॉक्स नावाची फाइल

संगणक फॉरमॅट करायला आलेला माणूस विचारतो, ‘डेटा काढून घेतलाय ना?’ फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर गेलेल्या असतात. राहतात ते मेल. कारण ते नक्की कुठल्या फोल्डरात आहेत, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९६५ साली एमआयटीत टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी सीटीएसएस या सामायिक वापराच्या संगणक-प्रणालीसाठी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. आलेला निरोप ज्याच्या त्याच्या जागेतल्या ‘मेल बॉक्स’ याच नावाच्या फाइलीला जोडला जाई. पेटी शोधायची कशाला, नावच पेटी!

युनिक्सने तीच रीत उचलली. नवी पत्रं सगळ्यांसाठी असलेल्या एका डिरेक्टरीत, प्रत्येकाच्या नावाच्या फाइलीत पडत. वाचून झालेली पत्रं घरच्या ‘एमबॉक्स’मध्ये जात. शेकडो पत्रं एकाच फाइलीत, एकाखाली एक. मग एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, हे कसं कळायचं? प्रत्येक पत्राच्या डोक्यावर इंग्रजी ‘फ्रॉम’, एक रिकामी जागा, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख, एवढीच खूण. आता एखाद्याने मजकुरातलीच ओळ ‘फ्रॉम’ने सुरू केली, तर? तर यंत्र त्या ओळीआधी ‘>’ हे चिन्ह चिकटवून देई. हा जुगाड थेट छापील शोधनिबंधांपर्यंत पोचला. गणिताचे, भौतिकशास्त्राचे लेख मेलने पाठवले जात, आणि टेक्स या जुळणीच्या प्रणालीत नेहमीच्या अक्षरसंचातून ते चिन्ह उलटं प्रश्नचिन्ह होऊन उमटे. ‘¿फ्रॉम’ने सुरू होणारी वाक्यं जुन्या निबंधांत आजही भेटतात.

पत्रं स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रात उतरू लागली, तेव्हा पेटी सांभाळायचं कामही टेबलाच्या मालकावर आलं. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली युडोरा हा मेलचा कार्यक्रम लिहिला. पोस्टातच राहायला जाणाऱ्या बाईची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी यांचं नाव त्याला दिलं. विंडोजवरच्या युडोरात आलेल्या पत्रांची फाइल ‘इन’, तिच्या शेजारी तिचीच अनुक्रमणिका, आणि जोडपत्रं वेगळ्या फोल्डरात. फोल्डर उचलला की बिऱ्हाड हललं.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं, तेव्हा स्वस्तातल्या शेल खात्यांवर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसत आणि मेल निगमच्याच यंत्रावर राहत. महागडं टीसीपी-आयपी खातं असेल, तर ते थेट घरच्या संगणकात उतरवता येत.

पेटी खरी पुरली ती आउटलुक एक्सप्रेसने. विंडोज एक्सपीत ती वापरकर्त्याच्या ‘लोकल सेटिंग्ज’ या मुळातच लपवलेल्या फोल्डराखाली, ‘आयडेंटिटीज’मध्ये, महिरपी कंसातल्या लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाच्या फोल्डरात, आणि त्याच्याही आत दोन पायऱ्या खाली असे. तिथल्या डीबीएक्स फाइली नोटपॅडमध्ये धड वाचताही येत नसत. शिवाय फाइल दोन जीबीच्या मर्यादेला भिडली, की पत्रं गेलीच म्हणून समजायचं. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नंतर कार्यक्रम शंभरदा बंद केला की पुसलेल्या पत्रांची जागा काढून फाइली आवळायची विचारणा होई, आणि त्याआधीची प्रत बीएके फाइल होऊन रिसायकल बिनमध्ये जाई. हरवलेली पत्रं कचऱ्याच्या टोपलीत सापडायची ती अशी.

२००४च्या डिसेंबरात थंडरबर्ड या मेलच्या कार्यक्रमाची १.० आवृत्ती आली ती जुना एमबॉक्स घेऊनच. तिचा प्रोफाइल फोल्डरही आडबाजूलाच असतो, नावात आठ वेडीवाकडी अक्षरं. पण मदतीच्या मेनूतल्या समस्यानिवारणाच्या पानावर तो उघडायचं बटण आहे. आत ‘इनबॉक्स’ नावाची, कसलंही शेपूट नसलेली फाइल. शेजारची एमएसएफ ही फक्त सूची. ती पुसली तरी पुन्हा तयार होते. पीओपी, म्हणजे पत्रं संगणकात उतरवून घेणाऱ्या खात्याची ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर पुसून टाकलेली पत्रंही दिसतात, कारण फाइल आवळेपर्यंत ती तिथेच असतात. आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तीच युनिक्सची खूण: ‘फ्रॉम’, रिकामी जागा, तारीख. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी मात्र थंडरबर्ड वर्षानुवर्षं नुसती एक आडवी रेघ ओढत आला.