‘डॉक्टर हू’ची आंतरजालीय श्रुतिनाट्ये : श्रोत्यांनी राखलेला इतिहास

प्रस्तुत निबंधात ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथात्मक मालिकेतून निर्माण झालेल्या आणि २००१ ते २००३ या काळात आंतरजालावर प्रसारित झालेल्या श्रुतिनाट्यांचा विचार केला आहे. हा विषय वऱ्हाडापासून फार दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ध्वनिरूप वाङ्मय कोण निर्माण करते आणि कोण जतन करते, हा त्यातील मूळ प्रश्न अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकाला परका नाही.

बीबीसीने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. काळ आणि अवकाश यांतून संचार करणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. मरणाच्या दारी पोचल्यावर तो नवे शरीर धारण करतो, या कल्पनेमुळे नट बदलला तरी कथा खंडित होत नाही. ६ डिसेंबर १९८९ पर्यंत मालिका चालली. तिच्या आरंभीच्या वर्षांची हकिगत मात्र निर्मात्या संस्थेला फारशी भूषणावह नाही. चित्रफिती महाग होत्या आणि पुनःप्रसारणाचे हक्क मर्यादित होते. त्यामुळे जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत पडली. परिणामी १९६० च्या दशकातील सुमारे शंभर भागांची चित्रे आज उपलब्ध नाहीत. आवाज मात्र एकाही भागाचा हरवलेला नाही. घरोघरी संचापुढे टेपरेकॉर्डर मांडून बसणाऱ्या हौशी प्रेक्षकांनी तो टिपून ठेवला होता. पुढे १९९२ मध्ये बीबीसीनेच अशा घरगुती मुद्रणांना निवेदनाची जोड देऊन त्यांच्या कॅसेट विक्रीस काढल्या. संस्थेने जे पुसले ते श्रोत्यांनी राखले, आणि संस्थेला ते श्रोत्यांकडूनच परत घ्यावे लागले.

या ठिकाणी रिद्धपूरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अमरावती जिल्ह्यातील या गावी म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा, त्या पाहिलेल्या व ऐकलेल्या अनुयायांकडे विचारपूस करून संकलित केल्या. मूळ पोथी लुटीत हरवल्यानंतर अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ‘लीळाचरित्रा’चे पाठ पुन्हा सिद्ध केले. त्यांतूनच निरनिराळे पिढीपाठ निर्माण झाले. धर्मग्रंथ आणि करमणुकीची मालिका यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. ऐकणाऱ्याची साक्ष हे इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन ठरू शकते, एवढाच मुद्दा आहे.

‘डॉक्टर हू’च्या श्रोत्यांनी जतनावरच समाधान मानले नाही. १९७६ मध्ये या मालिकेवरील नाट्याची ध्वनिमुद्रिका निघाली होती आणि १९८५ मध्ये बीबीसी रेडिओवर एक श्रुतिकाही झाली होती. तथापि १९८० च्या दशकात काही तरुण चाहत्यांनी स्वतः संहिता लिहून, स्वतः अभिनय करून नाटकांच्या कॅसेट तयार केल्या, ही घटना अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्यातील गॅरी रसेल आणि निकोलस ब्रिग्ज पुढे ‘बिग फिनिश’ या संस्थेत कार्यरत झाले. या संस्थेने जुलै १९९९ पासून मूळ नटांना घेऊन परवान्याने श्रुतिनाट्ये काढण्यास प्रारंभ केला. हौशी आणि व्यावसायिक ही सीमारेषा येथे जवळजवळ पुसली जाते.

आंतरजालावरील पहिले नाट्य ‘डेथ कम्स टू टाइम’ हे होय. ते मुळात रेडिओसाठी योजलेले होते. बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’ने नमुन्याचा भाग पाहून नकार दिला, तेव्हा १३ जुलै २००१ रोजी तोच भाग आंतरजालावर ठेवण्यात आला. उर्वरित भाग २००२ मध्ये आले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून मिळणाऱ्या मंद जोडणीवर चलच्चित्र पाठविणे अवघड होते. म्हणून आवाजासोबत ली सलिव्हन यांनी काढलेली चित्रे दाखविली जात. माध्यम नवे असले तरी नाट्याची घडण श्रुतिकेचीच होती. १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर श्रुतिका ऐकत वाढलेल्या वऱ्हाडी श्रोत्याला ती अनोळखी वाटली नसती. दाराची करकर, पावलांचा आवाज आणि बोलण्यातील एखादा विराम यांवर प्रसंग उभा करण्याची कला दोन्हीकडे एकच आहे.

नाटक म्हणून ही कृती सर्वस्वी यशस्वी म्हणता येणार नाही. तिच्यात पात्रांची गर्दी आहे आणि भव्यतेचा हव्यासही जाणवतो. पण तिचा शेवट धाडसी आहे : सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनी साकारलेला सातवा डॉक्टर येथे मृत्यू पावतो. १९९६ च्या दूरचित्रपटात मात्र हाच डॉक्टर नवे शरीर धारण करून आठवा झालेला दाखविला आहे. यातील खरे कोणते, हा वाद चाहत्यांनी दीर्घकाळ घातला. पाठचिकित्सेची सवय असलेल्या मराठीच्या प्राध्यापकास हा पाठभेदच वाटेल, आणि एक पाठ प्रक्षिप्त ठरविण्याची घाई तो करणार नाही.

त्यानंतर २००२ मध्ये ‘रिअल टाइम’ आणि २००३ मध्ये ‘शाडा’ ही नाट्ये आली. ‘शाडा’ ही डग्लस अॅडम्स यांची कथा १९७९ मध्ये संपामुळे चित्रीकरण अर्धवट राहिल्याने सोडून द्यावी लागली होती; चोवीस वर्षांनी ती आवाजाच्या आधारे पूर्णत्वास गेली. नोव्हेंबर २००३ मधील ‘स्क्रीम ऑफ द शाल्का’मध्ये नववा डॉक्टर म्हणून रिचर्ड ग्रँट यांना आणले गेले. मात्र मालिका दूरचित्रवाणीवर परतणार असल्याची घोषणा त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, झाली होती. नवा नायक अवतरण्यापूर्वीच निरर्थक ठरला. २६ मार्च २००५ रोजी मालिका परतली, तेव्हा यांत्रिक शत्रू ‘डालेक’चा आवाज निकोलस ब्रिग्ज यांचा होता, आणि त्या वर्षीच्या ‘डालेक’ या भागाचे बीज रॉबर्ट शिअरमन यांच्याच ‘ज्युबिली’ (२००३) या श्रुतिनाट्यात होते.

या आंतरजालीय नाट्यांच्या सादरीकरणात ‘फ्लॅश’ या तंत्राचा वापर झाला होता. त्याचा आधार डिसेंबर २०२० अखेर काढून घेण्यात आला, त्यामुळे त्या तंत्रावरील जुनी पाने आता नेहमीच्या साधनांवर उघडत नाहीत. ‘डेथ कम्स टू टाइम’ ऐकायचे असल्यास २००२ मध्ये निघालेली ध्वनितबकडी शोधावी लागते, किंवा त्या वेळी ज्यांनी ते उतरवून घेतले होते अशा श्रोत्यांकडे जावे लागते. नागपूर आणि अकोला केंद्रांवरील श्रुतिकांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या संशोधकालाही केंद्राच्या दप्तराबरोबरच अमरावती-अकोल्याच्या घरांतील जुन्या कॅसेटची विचारपूस करावी लागेल. त्या कॅसेटवरील फीत दरवर्षी थोडी थोडी झिजत आहे.