मगनवाडीचे प्रयोग आणि दैनंदिन निवडीचे अर्थशास्त्र (१९३४–१९४८): एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरणपूरक जीवनशैली ही संकल्पना अलीकडील असल्याचा समज सर्वत्र आढळतो. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत भारताने पर्यावरणासाठी जीवनशैली हा विचार मांडल्यापासून तो अधिकच दृढ झाला आहे. तथापि ताटातील भात, दिव्यातील तेल, चुलीतील सरपण यांची निवड हा अर्थशास्त्राचा विषय आहे, असे विदर्भातील वर्धा येथे १९३४ पासून पद्धतशीरपणे मांडले जात होते. प्रस्तुत निबंधात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या या कार्याचा मागोवा घेऊन त्याच्या मर्यादांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

वस्तूंची निवड हे सार्वजनिक कर्तव्य आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. लोकहितवादींनी शतपत्रांतून देशी मालाचा पुरस्कार केला. गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या वेषात उपस्थित राहिले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. मात्र या साऱ्या प्रयत्नांचा मुख्य प्रश्न ‘वस्तू कोठे तयार झाली’ हा होता. ‘वस्तू कशी तयार झाली आणि ती तयार होताना काय खर्ची पडले’ हा प्रश्न मध्यवर्ती करण्याचे श्रेय ग्रामोद्योग संघास द्यावे लागते.

ग्रामोद्योग संघाची स्थापना व कार्य

ऑक्टोबर १९३४ मधील मुंबई काँग्रेसच्या ठरावानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्धा येथे संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष, तर जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे संघटक व कार्यवाह होते. जमनालाल बजाज यांनी संघास बागेसह जागा दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः तेथे राहावयास आले व १९३६ मध्ये जवळच्या शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी गेले. मगन संग्रहालय १९३८ च्या डिसेंबरात खुले झाले.

संघाने हाती घेतलेले विषय अगदी घरगुती होते. गिरणीत सडलेल्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, गिरणीच्या पिठाऐवजी जात्यावरचे पीठ, साखरेऐवजी गूळ, गिरणीच्या तेलाऐवजी घाणीचे तेल आणि हातकागद ही त्यांची यादी होय. यामागे केवळ भावना नव्हती. तांदूळ अतिशय सडल्याने कोंड्यासोबत ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, हे तत्कालीन आहारशास्त्राने सिद्ध केले होते. साधने सुधारण्याकडेही लक्ष दिले गेले. झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत केलेल्या सुधारणांतून ‘वर्धा घाणी’ प्रचारात आली. रॉकेलऐवजी वनस्पतीजन्य तेलावर जळणारा ‘मगन दीप’ आणि धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ ही येथलीच निर्मिती. कचरा व शेण यांचे खत करण्याची पद्धत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे विकसित करून १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली होती. ‘हरिजन’मधून तिचाही प्रसार करण्यात आला.

शाश्वत अर्थव्यवस्थेची मांडणी

या अनुभवास तात्त्विक रूप मिळाले ते तुरुंगात. ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात जबलपूरच्या कारागृहात कुमारप्पांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. १९४५ मध्ये त्यास गांधीजींनी प्रस्तावना लिहिली. कोळसा व खनिज तेल हे निसर्गाचे मर्यादित साठे आहेत. ते उपसत राहिल्यास एक दिवस संपतात आणि संपण्यापूर्वी त्यांच्यासाठी संघर्ष होतो. लाकूड, धान्य, पशुशक्ती हा मात्र पुनःपुन्हा भरून येणारा प्रवाह आहे. जी अर्थव्यवस्था प्रवाहावर उभी असते तीच टिकते, असा त्यांचा सिद्धांत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिले गेलेले हे विवेचन तेलासाठीच्या संघर्षांच्या पार्श्वभूमीवर वाचले असता त्याचे मोल ध्यानात येते. १९७३ मध्ये शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात कुमारप्पांचा आधार घेतला.

मर्यादा: श्रम कोणाचे?

तथापि या चळवळीचे केवळ गौरवपर वर्णन करणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने पुरेसे नाही. हातसडीचा तांदूळ व जात्यावरचे पीठ यांमागे मुख्यतः स्त्रियांचे श्रम होते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा पहाटेच्या दळणातून सुटका झाली, हा अनुभव तितकाच खरा आहे. मगन चुलीने स्त्रीच्या डोळ्यांतील धूर कमी करण्याचा प्रयत्न केला, परंतु दळण कोणी दळावे हा प्रश्न तिने सोडविला नाही.

दुसरी मर्यादा जातीची. मैल्यापासून खत करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य होते, पण ते काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले होते. १९३५ मध्ये गांधीजींचे सहकारी मगनवाडीजवळच्या सिंदी गावात सफाईसाठी जात. त्यांच्या नित्य सेवेनंतरही ग्रामस्थांच्या सवयींत अपेक्षित बदल झाला नाही. केवळ उदाहरण घालून दिल्याने समाजरचना बदलत नाही, हेच यातून दिसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर केलेली कठोर टीका या संदर्भात विचारात घ्यावी लागते.

या कोंडीतून मार्ग शोधणाऱ्यांत आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी त्यांना ब्राह्मण म्हणून नाकारली गेली, तेव्हा त्यांनी उपोषण केले. पुढे १९४८ मध्ये कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी सोनखत, संडास व मृत जनावरांच्या चामड्याचे काम हाती घेतले. शाश्वततेचे श्रम प्रथम उच्चवर्णीयांनी उचलले पाहिजेत, ही त्यांची भूमिका मगनवाडीच्या विचारास आवश्यक पूरक ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, दैनंदिन निवड आणि नैसर्गिक साधनांची मर्यादा यांचा संबंध वर्ध्यात १९३४ ते १९४८ या काळातच स्पष्टपणे मांडला गेला होता. दुसरा, व्यक्तीची निवड संस्थेच्या आधाराशिवाय टिकत नाही. घाणीचे तेल घ्या असे सांगण्यापूर्वी सुधारित घाणी व प्रशिक्षित तेली उपलब्ध असावा लागतो. संघाने हे ओळखले होते. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, प्रत्येक साध्या राहणीमागे कोणाचे तरी श्रम असतात. आजही ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे आवाहन सुशिक्षित कुटुंबास केले जाते, परंतु तो कचरा प्रत्यक्ष हाताळणारे हात बहुधा त्याच वंचित समाजांतील असतात. निसर्गाचा भार कमी करताना तो दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर तर ठेवला जात नाही ना, ही कसोटी मगनवाडीच्या इतिहासातून आपल्या हाती येते. आजच्या कोणत्याही जीवनशैलीचे मूल्यमापन या कसोटीवर होणे आवश्यक आहे.