पंगतीची कसोटी : रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई आणि मराठी ख्रिस्ती मंडळी

महाडजवळील दासगाव हे सावित्री नदीवरील जुने बंदर होय. डिसेंबर १९२७ मध्ये महाड सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने येथेच उतरले. याच नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोट येथे स्कॉटिश मिशनने १८२३ मध्ये कार्यास प्रारंभ करून शाळा काढल्या होत्या. सत्याग्रहाने पाण्याच्या संदर्भात जो समतेचा प्रश्न उभा केला, तोच प्रश्न मराठी ख्रिस्ती मंडळीपुढे पंगतीच्या रूपाने होता. प्रभुभोजनाच्या मेजाभोवती सर्व समान. परंतु घरातील ताटावर काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोकणातच, करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद ईश्वराने नव्हे, मनुष्याने निर्माण केला, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा निश्चय त्यांनी केला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मधील हा क्रम लक्षणीय आहे : आधी आचरण बदलले, विधी नंतर झाला. त्यांच्या घरात अनाथ मुलांनाही आश्रय मिळाला. मूल्य उपदेशातून स्वयंपाकघरात उतरले, ते असे.

अनेक ठिकाणी मात्र याच्या उलट घडत असे. नाव बदले, उपासना बदले; परंतु पूर्वीच्या जातीची जाणीव लग्नसंबंधांत व पंगतीत टिकून राही. याच्या जोडीला परकीय मिशनवरील आर्थिक अवलंबित्व होते. वेतन देणारा व घेणारा यांच्यात बंधुभाव निर्माण होणे कठीण, हे टिळकांनी ओळखले होते. भजन-कीर्तनाच्या देशी परंपरेतून ख्रिस्तभक्ती मांडण्याचा त्यांचा आग्रह हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हता. मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहावी, ही त्यामागील भूमिका होती.

१९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान होते. मंडळीची सीमा विधीने नव्हे, आचरणाने ठरावी, हा त्यातील धाडसी विचार होय. तथापि विधीविना मंडळीला शिस्त व सातत्य कसे लाभावे, या आक्षेपातही तथ्य होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मात्र टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात भारतीय व युरोपीय सभासद एकत्र राहू लागले.

दरबाराचे अल्पायुष्य हे त्यामागील विचाराचे अपयश मानता येत नाही. एका व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीबरोबर मावळली, एवढेच त्यातून सिद्ध होते. याउलट लक्ष्मीबाईंचा निश्चय कोणत्याही संस्थेवर अवलंबून नव्हता. म्हणूनच तो टिकला. धर्मसमुदायाच्या मूल्यांचे मोजमाप सभासदसंख्येवर अथवा इमारतींवर करण्याची प्रथा आहे. कोण कोणाच्या शेजारी जेवावयास बसतो, हे पाहणे अधिक उचित ठरेल.