अर्ध्या तासाची सुनावणी आणि सहा जीव

१/ फाशी कायम झाल्यावर कैद्याने न्यायालयाचे दार किती वेळा ठोठवावे? वारंवार अर्ज करणाऱ्यांवर आणि त्यांच्या वकिलांवर बंधने असावीत, ही मागणी जुनी आहे. या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास परभणी ज्या संस्थानात होती, त्या हैदराबादपासून पाहू.

२/ परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. २६ जानेवारी १९५० पूर्वी तेथील कैद्याला सर्वोच्च न्यायालय उपलब्धच नव्हते. तेलंगणातील लढ्याच्या खटल्यांत फाशी झालेल्या काही आरोपींची शिक्षा हैदराबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर १९४९ मध्ये कायम केली.

३/ जनार्दन रेड्डी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात आरोपी दिल्लीला गेले. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर मिळाले : निकाल राज्यघटनेपूर्वी अंतिम झाला आहे, म्हणून अपिलाची परवानगी देता येत नाही. अवघ्या काही आठवड्यांच्या फरकाने दार बंद राहिले.

४/ खटल्यात आपल्याला वकील मिळाला नाही, अशीही त्यांची तक्रार होती. १९५१ मध्ये न्यायालयाने म्हटले की, केवळ वकील नसल्याने खटला रद्दबातल ठरत नाही. मोफत कायदेशीर मदत हा हक्क मानला जाण्यास पुढे तीन दशके जावी लागली.

५/ आज परभणीच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या संमतीवाचून अंमलात येत नाही. असे प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे जाते. हे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. त्याआधी मराठवाड्याला मुंबई गाठावी लागे.

६/ त्यापुढच्या वाटा मात्र अरुंद आहेत. सर्वोच्च न्यायालयात फेरविचार याचिका ३० दिवसांत करावी लागते, आणि ती एकदाच. १९७८ पासून ती न्यायाधीशांच्या दालनात, तोंडी युक्तिवादाविना निकाली निघू लागली. न्यायालयाचा वेळ वाचावा, हा हेतू होता.

७/ २००२ मध्ये रूपा हुर्रा प्रकरणातून क्युरेटिव्ह याचिकेची वाट निघाली. तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते. याचिका निराधार आणि त्रासदायक ठरली, तर याचिकाकर्त्याला जबर खर्च सोसावा लागू शकतो. म्हणजे पहिली चाळणी वकिलाच्याच हाती आहे.

८/ आता नाशिकचा खटला पाहा. २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी पुन्हा कायम केली. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली.

९/ त्या वेळच्या नियमांनुसार प्रकरण येथेच संपले होते. परंतु २ सप्टेंबर २०१४ रोजी मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने ठरवले की, फाशीच्या फेरविचार याचिकेवर तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात तोंडी सुनावणी घ्यावी. त्यासाठी अर्धा तास पुरेसा मानला गेला. आधी फेटाळलेल्या, पण अंमलबजावणी न झालेल्या प्रकरणांनाही ही संधी मिळाली.

१०/ त्या संधीमुळे नाशिकचा खटला पुन्हा उघडला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार व्यक्ती ओळखल्या होत्या. त्यांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई आणि चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचे आदेश निघाले. तोवर त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

११/ निकालाला अंतिमपणा हवा, यात शंका नाही. पीडित कुटुंबाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे हाही अन्यायच. पण नाशिकच्या त्या कुटुंबाला २००९ च्या अंतिम निकालाने काय दिले? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. चुकीचा अंतिमपणा आरोपीइतकाच पीडितालाही फसवतो.

१२/ म्हणून बंधने घालताना अर्जांची संख्या मोजून भागत नाही. आधी न ऐकलेला पुरावा पुढे येतो आहे की केवळ वेळ काढला जातो आहे, हे पाहावे लागते. वेळकाढूपणाला खर्चाचा दंड योग्यच. मात्र त्या दंडाच्या धाकाने वकील गरिबाचा शेवटचा अर्ज हाती घेईनासा झाला, तर १९५१ मधील ती वकील न मिळाल्याची तक्रार नव्या रूपात पुन्हा उभी राहील.