शाह, लाल श्याम

चंद्रपूर-गडचिरोली भागातील गोंड लोकप्रतिनिधी. पानाबरस (आता छत्तीसगड) येथील जमीनदार घराण्यातले शाह १९६२ मध्ये तेव्हाच्या चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. मुदत पुरी होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. त्यामागे आदिवासींच्या जमीन-जंगलावरील हक्काचा प्रश्न होता. अर्ध्यावर सभागृह सोडणाऱ्याचे संसदीय योगदान ते काय, हा आक्षेप रास्त वाटतो; पण त्यांच्या कामाचे मोजमाप केवळ भाषणांवरून करणे अपुरे ठरते. संसदेत न सुटलेला प्रश्न त्यांनी पुढे पाण्याच्या संदर्भात लोकांपुढे मांडला.

गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन धरणे प्रस्तावित होती. सिरोंचा-भामरागड पट्ट्यातील गावे व जंगल त्यांत बुडणार होते. १९८४ च्या सुमारास बाबा आमटे यांच्यासह शाह यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे केले. धरणाशिवाय सिंचन आणि वीज कुठून येणार, हा प्रतिवाद खोटा नव्हता. मात्र लाभ खालच्या मैदानांना आणि विस्थापन माडिया-गोंडांना, ही वाटणी तो समर्थनीय ठरवू शकत नाही. दोन्ही धरणे झाली नाहीत. या आंदोलनात उतरलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने पुढे ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली. २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. पाणी आणि जंगल यांचा निर्णय बाधितांना विचारून व्हावा, ही शाह यांची भूमिका राष्ट्रीय सुधारणेच्या चर्चेत म्हणूनच महत्त्वाची ठरते.